घडी घालणाऱ्याची सही

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे हे विचारणार होते, पण उत्तर आधीच मिळालं. तुझ्या शेजारणीने आईला सांगितलं की तू परवा नळाच्या पाण्यासाठी कचेरीच्या पायरीवर उभी राहून अर्धा तास बोललीस. बिचाऱ्या कारकुनाने खुर्ची आणून दिली, तर बसून बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही म्हणून खुर्चीसकट त्यालाच परत पाठवलंस. आई म्हणाली की गुडघे रजेवर गेले तरी जीभ कामावर हजर आहे. फोनवर तुला आमचं ऐकू येत नाही आणि आम्हाला फक्त तुझंच ऐकावं लागतं, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मी पुस्तक लिहितेय. माणूस अंतराळात कसा गेला, त्याची गोष्ट. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी, अठ्ठेचाळीस पानांचं. दहा ऑगस्टला छापखान्यात द्यायचंय. वर्गात मी पहिल्या अंतराळवीराबद्दल बोलायला लागले की मुलं बाकावर गुडघे टेकून उभी राहतात. हेल्मेटमध्ये शिंक आली तर काय करायचं, तिकडे वजन नसतं तर जाड माणूस बारीक होतो का, असं विचारून भंडावून सोडतात. शेवटी म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

पुस्तक बाबांना अर्पण करणार आहे. तू आणि ते एकाच पॅराशूटच्या कारखान्यात होतात, तू शिवणखात्यात आणि ते पॅराशूटच्या घड्या घालायच्या घडीखात्यात. लहानपणी मला चंद्र दाखवला तो त्यांनीच. पहिली तीन प्रकरणं सोबत पाठवतेय. तू वाचून चुका काढ, म्हणजे काढशीलच.

एक आधीच सांगते. अपघातांबद्दल मी काही लिहिलेलं नाही. मुलांना घाबरवायचं नाही हे एक कारण. दुसरं तुला ठाऊक आहे. ज्या माणसाच्या हातून चूक होऊन एकाचा जीव गेला, त्याच्या नावाच्या पुस्तकात मी पॅराशूट न उघडल्याची गोष्ट कशी लिहू? आईला ते पान वाचवणार नाही. मलाही नाही.

पथ्य सांभाळ. माझ्यावरचा लोभ असाच राहू दे, तो कमी झाला तरी चुका मात्र काढ.

तुझी,
मास्तरीण


१३ जून

चि. मास्तरीण हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीनही प्रकरणं वाचली, दोनदा वाचली. भाषा छान आहे. मुलांशी बोलताना तू वाकत नाहीस, त्यांना उचलून आपल्या उंचीवर आणतेस. हे सगळ्या मास्तरांना जमत नाही. झालं कौतुक. आता कान पुढे कर.

पहिल्या वीराबद्दल तू चार पानं लिहिलीस आणि तो आधी ओतारी होता हे कुठेच नाही! वितळलेला धातू साच्यात ओतण्याचं काम शिकलेला पोरगा होता तो. माणसाला मी त्याच्या कामावरून ओळखते, झेंड्यावरून नाही. तुझ्या वर्गात कुणा ओताऱ्याची, सुताराची मुलगी असेल की नाही? तिला हे कळायला नको?

दुसरं. तू लिहिलंस की एकशे आठ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून त्याचं यान अलगद उतरलं आणि तो दार उघडून बाहेर आला. साफ चूक. जमिनीपासून सातेक किलोमीटर उंचीवर तो खुर्चीसकट यानाबाहेर फेकला गेला आणि पुढे पॅराशूटने उतरला. शेतात बटाटे लावणारी एक बाई आणि तिची नात त्याला बघून घाबरल्या. त्याच्या सरकारने ही गोष्ट कित्येक वर्षं दडवली, कारण माणूस यानातच बसून उतरला तरच विक्रम धरायचा असा नियम होता. म्हणजे बघ, पहिल्याच उड्डाणात एक कापड खरं बोललं आणि माणसं खोटं.

दोन वर्षांनी गेलेली पहिली बाई गिरणीकामगार होती, आणि पॅराशूटने उड्या मारायचा तिला नाद होता. चंद्रावर चाललेल्या दोघांचे पोशाख शिवले ते बायकांचे आतले कपडे शिवणाऱ्या कारखान्यातल्या बायांनी. टाका जरासा सरकला की काम पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं घाल.

आता मुख्य मुद्दा. मेलेल्यांना तू पुस्तकाबाहेर उभं केलंस. जमिनीवरच्या सरावात बंद यानाला आग लागली, दार आत उघडणारं होतं, तिघे जळाले. त्याच वर्षी परतणाऱ्या एका वीराचं मुख्य पॅराशूट डब्यातून बाहेरच आलं नाही. चार वर्षांनी तिघांचं यान अगदी बिनचूक उतरलं, लोक धावत गेले, दार उघडलं, तर तिघे खुर्चीत मरून बसलेले. वाटेत एक झडप उघडून हवा निघून गेली होती. पुढे एक शाळेतली बाई सहाजणांबरोबर निघाली आणि त्र्याहत्तर सेकंदांत सगळं संपलं. तुझ्यासारखीच मास्तरीण होती ती! वर्गावर्गांतून मुलं ते उड्डाण बघत होती. त्या मुलांना काय सांगायचं होतं, की आज बाई गैरहजर आहेत?

लेकरांना भीती वाटेल म्हणतेस. भीती अंधाराची वाटते, दिवा लावला की जाते. आज आपण ज्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवतो ते जिवंत परत येतात, कारण कुणीतरी या मेलेल्यांच्या पाठी जाऊन विचारलं की चूक कुठे झाली. तो प्रश्न काढून टाकलास तर तुझ्या पुस्तकात नुसता धूर आणि फटाके उरतील.

तुझ्या बाबाबद्दल तू जे लिहिलंस, ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. त्यावर आज लिहीत नाही.

आशीर्वाद आहेतच. प्रकरण चार पाठव.

तुझी आत्या


२५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दुरुस्त्या केल्या. ओतारी आला, गिरणीकामगार आली, शिवणाऱ्या बायका आल्या. शिवणाऱ्या बायकांचं पान वर्गात वाचून दाखवलं तर आतले कपडे या शब्दावर पाच मिनिटं हसण्यात गेली. पण नंतर एका मुलीने विचारलं की त्या बायका चंद्रावर का नाही गेल्या. तुझीच शिष्या शोभेल.

अपघातांबद्दल चार ओळी घातल्या. काही शूर वीरांनी हसतमुखाने प्राण दिले, त्यांना आपण विसरू नये, असं लिहिलंय. तुला ते पुरणार नाही हे माहीत आहे. पण याहून जास्त माझ्याच्याने होणार नाही.

आत्या, तू भाषणं केलीस, आम्ही घरात राहिलो. ते झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कारखान्याच्या चौकशीत घडी घालणाऱ्याचा हलगर्जीपणा असं आलं आणि बाबांना काढलं. त्यानंतर अठरा वर्षं ते मागच्या खोलीत ताडपत्र्या आणि दप्तरं शिवत बसले. तुला एक गोष्ट माहीत नसेल. बाबांनी त्या दिवसानंतर घरात कधी कशाची घडी घातली नाही. पांघरूण असो, टॉवेल असो, वर्तमानपत्र असो, तसंच चुरगळून ठेवायचे. आई मागून जाऊन घड्या घालायची. मी एकदा रागाने म्हटलं होतं की इतकं साधं तरी करत जा. तीन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा त्यांच्यावर घालायची चादर मी कपाटातून काढली. आईने घातलेली घडी होती. ती मोडताना मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू सांगतेस, चूक कुठे झाली ते विचारायला हवं. ठीक आहे, मी तुलाच विचारते. तुझं शिवणखातं त्यांच्या टेबलापासून एका भिंतीपलीकडे होतं. बाबांचा हात खरंच निष्काळजी होता का? आईला मी हे विचारू शकत नाही. तू हो म्हणालीस तरी मी अर्पणपत्रिका बदलणार नाही. पण मला माहीत असू दे.

उत्तराची वाट बघते. रागावली असलीस तरी लोभ सोडू नकोस.

मास्तरीण


११ जुलै

चि. मास्तरीण हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी पाच वेळा लिहिलं. आधीच्या चारही पत्रांत मी भाषण केलं होतं, म्हणून फाडली. आता सरळ लिहिते.

नाही. तुझ्या बाबाचा हात निष्काळजी नव्हता. त्या कारखान्यात त्याच्याइतका चोख हात दुसरा नव्हता.

घडीखात्यात एक रीत होती. पॅराशूटची घडी झाली की घालणाऱ्याने एका चिठ्ठीवर सही करायची आणि चिठ्ठी पाठपिशवीच्या बाहेरच्या खिशात ठेवायची. चिठ्ठीवर छापलेलं असायचं की ही घडी मी घातली आहे आणि हे घेऊन मी स्वतः उडी मारायला तयार आहे. बस, एवढं एकच वाक्य. त्या सहीशिवाय माल दाराबाहेर जात नसे.

त्या वर्षी अंतराळयानाच्या खुर्चीत बसेल असं नवं पॅराशूट आमच्याकडे आलं. खुर्ची लहान, म्हणून कापड ठेवायचा डबाही दोन बोटं लहान केला होता. कापड मात्र तेवढंच. ते गुडघ्याने दाबून, लाकडी मोगरीने ठोकून आत बसवावं लागे. शुक्रवारी चाचणी होती. चाचणीची उडी मारणारा आमचा घारू, आकाशातून घारीसारखा खाली बघतो म्हणून सगळे त्याला घारू म्हणायचे. गुरुवारी सकाळी तुझ्या बाबाने सही करायला नकार दिला. व्यवस्थापकाला म्हणाला की कापड श्वास घेत नाहीये, हे वेळेवर बाहेर येणार नाही.

त्याच आठवड्यात युनियनचा करार व्हायचा होता. सत्तर हंगामी बायकांना कायम करायचं होतं. सहा वर्षं मी त्यासाठी गेटवर घसा फोडला होता. व्यवस्थापकाने मला बोलावून सांगितलं की शुक्रवारची चाचणी टळली तर काम दुसऱ्या कारखान्याला जाईल आणि करारही बारगळेल. मग मी घडीखात्यात गेले.

तिथे मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावासमोर भाषण केलं. सत्तर चुलींचं ओझं त्याच्या एका सहीवर टाकलं. म्हटलं की तू नेहमीच जरुरीपेक्षा जास्त भितोस. म्हटलं की ज्यांनी डबा आखला ते शिकलेले आहेत, तू कोण लागून गेलास. हे मी म्हटलं, मास्तरीण! जन्मभर कामगाराच्या बोटांना अक्कल असते असं सांगत फिरले, आणि त्या एका सकाळी मी बोटांचं ऐकलं नाही. तो पुन्हा एवढंच म्हणाला की ताई, कापड श्वास घेत नाहीये. त्याला बोलता येत नसे आणि मला थांबता येत नसे. अर्ध्या तासाने त्याने सही केली.

कापड अर्धंच बाहेर आलं. घारूने राखीव पॅराशूट उघडलं, ते पहिल्याच्या दोऱ्यांत गुंतलं. आम्ही सगळे मैदानावर उभे होतो.

चौकशीत तुझ्या बाबाला विचारलं की शंका होती तर सही का केलीस. त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. करार झाला, सत्तर जणी कायम झाल्या, आणि मला हार घातले. मी ते घालून घेतले.

त्यानंतर तुमच्या घरी आले की तो मला पाणी आणून द्यायचा, गुडघा कसा आहे विचारायचा. एकदाही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तू विचारलंस म्हणून सांगते आहे, हे माझं आणखी एक पाप. तू विचारलं नसतंस तर मी हे बरोबर घेऊन गेले असते.

आशीर्वाद लिहायला हात कचरतो, तरी लिहिते.

आत्या


२० जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. भांडी घासत होती, ती पूर्ण घासली, पुसली, फडताळात लावली. मग मला म्हणाली की माझ्या नवऱ्याला मीही मनातून दोषी धरत होते, हे त्याला नक्की कळलं असणार. आणि मग जी बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

तुझ्यावर ओरडावं असं मनात येतं, पण तुझ्यासारखं मला जमत नाही. मी बाबांची मुलगी आहे.

मला तुझी माफी नको आहे. मला एक गोष्ट हवी आहे. जे मला चार भिंतींत लिहिलंस ते चारचौघांत सांग. तीन ऑगस्टला तुमच्या निवृत्त कामगारांची सभा असते. घारूची बायको दर वर्षी तिथे येते, हे मला तूच सांगितलं होतंस. तिच्यासमोर सांग. हलगर्जीपणा हा शब्द बाबांच्या नावापुढे एकवीस वर्षं लागलेला आहे. तो तुझ्या तोंडूनच निघायला हवा.

चौथं प्रकरण मी थांबवून ठेवलंय. तुझ्याकडून काय येतं त्यावर ते लिहीन. हसतमुखाने प्राण दिले हे वाक्य खोडलं. कुणाचं मुख कसं होतं हे मला काय माहीत?

गुडघ्याला शेक घे. बाकी काही लिहिवत नाही.

मास्तरीण


४ ऑगस्ट

चि. मास्तरीण हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सांगितलं.

सभा कॅन्टीनच्या हॉलमध्ये होती. चाळीस-पन्नास माणसं, टीनच्या खुर्च्या, एक पंखा बंद. मला नेहमीसारखं शेवटी बोलायला उठवलं, नेहमीसारख्या आधीच टाळ्या पडल्या. मी चारच वाक्यं बोलले. डबा लहान होता. माझ्या भावाने सही नाकारली होती. मी त्याच्याकडून ती करून घेतली. चौकशीत मी गप्प बसले. एवढं सांगून उभीच राहिले, कारण खाली बसायचं सुचेना.

लोकांना ते पटेना. एकाने पाणी आणलं, दुसरा म्हणाला की ताईंचं वय झालंय, भावाच्या जाण्याने मनावर परिणाम झालाय. मला वाचवायला निघाले होते बिचारे. त्या सत्तरांतली एक बाई उठली, रडतच म्हणाली की त्या नोकरीवर माझी दोन पोरं शिकली, ताई, आता हे मी कुठे ठेवू? आयुष्यात पहिल्यांदा मी माईक आपणहून खाली ठेवला. चिटणीसाला मी हे सगळं इतिवृत्तात लिहायला लावलं आणि खाली सही केली. त्याची नक्कल सोबत आहे. ती तुझ्या आईच्या हातात दे. मी स्वतः येऊन द्यायला हवी, पण तिने बोलावल्याशिवाय येणार नाही.

घारूची बायको मागच्या रांगेत होती. सभा संपल्यावर मी दारापाशी थांबले. शिव्या देईल, तोंडावर थुंकेल, सगळ्याची तयारी होती. तिने एकच गोष्ट विचारली, की त्याला हे माहीत होतं का. उडी मारण्याआधी घारूला कुणी सांगितलं होतं का, की घडी घालणारा सही करायला तयार नव्हता.

मास्तरीण, एकवीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी भावाचा विचार केला, कराराचा केला, स्वतःच्या पापाचा केला. जो उडी मारणार होता त्याला सांगायला हवं होतं, हे माझ्या, तुझ्या बाबाच्या, व्यवस्थापकाच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्हा तिघांना ठाऊक होतं. त्याला नव्हतं. मी तिला नाही म्हटलं.

ती भिंतीला धरून खाली बसली. मग हळूहळू सांगायला लागली. कारखान्याचे साहेब तेव्हा तिच्या घरी गेले होते. त्यांनी सांगितलं की घारूला धोका ठाऊक होता, तरी तो शूर म्हणून गेला. त्याचा सत्कार झाला, फोटो लागला. आणि ही बाई एकवीस वर्षं त्या फोटोवर रागावून राहिली. घरात दोन लहान मुली असताना, माहीत असूनही, हा माणूस का गेला? शौर्य आमच्यापेक्षा मोठं होतं का? फोटो तिने उलटा करून ठेवला होता. मुलींनाही तेच शिकवलं, की तुमच्या बापाला तुमची पर्वा नव्हती.

मला तिने माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. तिने विचारलं की त्या सकाळी तो काय बोलला होता. मला आठवत होतं ते सांगितलं. विमानाकडे जाताना त्याने मला हाक मारून सांगितलं होतं की धाकटीला ताप आहे, लवकर सुटायचंय, तुमच्या भाषणात मला अडकवू नका. ती ते पुन्हा पुन्हा सांगायला लावत होती. सहा-सात वेळा तरी मी ते सांगितलं. मग ती उठली, मुलींना फोन करायचाय म्हणाली आणि गेली.

तुझ्या चौथ्या प्रकरणाबद्दल. त्या मास्तरीणबाईच्या यानाच्या सांध्यांतलं रबर थंडीत कडक होईल असं काही इंजिनिअर आदल्या दिवशी ओरडून सांगत होते. ते सातजणांपर्यंत पोहोचलंच नव्हतं. मी हे पूर्वी वाचलं होतं, त्यावर भाषणंही ठोकली होती, आणि तरी माझ्या मैदानावरचा माणूस मला दिसला नव्हता. मुलांना अपघात सांगशील तेव्हा हा प्रश्न त्यांच्या हातात दे. कोण शूर होतं हे मागाहून कुणीही सांगेल. जो जाणार होता त्याला काय माहीत होतं, हे आधी विचारायला शिकव.

तुझा लोभ उरला असेल तेवढा ठेव. नसेल तरी पुस्तक वेळेवर छापखान्यात दे.

आत्या